साडेआठची मालिका आणि उतारवयातील सोबत

२२ जुलै २०१९ रोजी झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका सुरू झाली आणि काही आठवड्यांतच माझ्या दवाखान्याचे संध्याकाळचे वेळापत्रक बदलले. एरवी नऊ वाजेपर्यंत निवांत बसणारी ज्येष्ठ मंडळी आठच्या आत आपला नंबर लागावा म्हणून कम्पाउंडरच्या मागे लागू लागली. कुणाला रक्तदाब मोजून घ्यायचा असे, कुणाला साखरेचा अहवाल दाखवायचा असे. पण साडेआठला प्रत्येकाला घरी टीव्हीसमोर पोहोचायचे असे. मालिका मार्च २०२१ मध्ये संपली. तिने मागे ठेवलेला विषय मात्र आजही माझ्या तपासणीच्या खोलीत येतो, आणि बहुधा एखाद्या आजाराचे नाव घेऊन येतो. म्हणून या पंधरवड्यात औषधांऐवजी एका प्रेमकथेविषयी लिहीत आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. आसावरी कुलकर्णी ही वैधव्यात अनेक वर्षे काढलेली गृहिणी. करारी सासरे, लाडावलेला मुलगा सोहम आणि नव्याने घरात आलेली सून शुभ्रा यांच्यासाठी राबण्यात तिचा दिवस उगवतो आणि मावळतो. तिच्या आयुष्यात अभिजित राजे हे प्रथितयश शेफ येतात. पुढे सूनच सासूचे लग्न लावून देण्याचा ध्यास घेते, आणि मुलाला ते पचत नाही. निवेदिता सराफ आणि डॉ. गिरीश ओक ही प्रौढ जोडी, तेजश्री प्रधान यांची सून आणि रवी पटवर्धन यांचे सासरे घराघरांत पोहोचले. पुढे तमिळ आणि मल्याळम भाषांतही याच कथेवर मालिका निघाल्या. सासूने छळावे आणि सुनेने सोसावे, या रुळलेल्या वाटेवरून जाणाऱ्या प्रेक्षकाला येथे सासूच नायिका दिसली आणि तिच्या केसांतील पांढरी बट लपवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

कथानकात अतिशयोक्ती होती, भाग ताणले जात होते, योगायोगांची रेलचेल होती. या गोष्टींवर टीका करणारे करोत. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. या मालिकेने आपल्या घरांतील साठीपुढच्या माणसांना बोलण्यासाठी एक आडोसा दिला. स्वतःविषयी जे उच्चारणे अवघड होते, ते आसावरीविषयी बोलता येऊ लागले.

बासष्ट वर्षांच्या एक बाई माझ्याकडे महिन्यातून तीनदा येत. (येथील सर्वच रुग्णांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदललेले आहेत.) पती जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा पुण्याला नोकरीत, महालातील जुन्या वाड्यात त्या एकट्या. तक्रार एकच: दिवेलागणीच्या सुमारास छातीत धडधड होते. ईसीजी झाला, हिमोग्लोबिन झाले, थायरॉइड झाले, सगळे ठीक. एके दिवशी रक्तदाबाचा पट्टा सोडत असताना त्यांनी विचारले, “मॅडम, आसावरीचं आता काय होईल हो?” मी उलट विचारले, “काय व्हावं असं वाटतं तुम्हाला?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “लग्नबिग्न जाऊ द्या. पण संध्याकाळी ‘जेवलीस का’ असं विचारणारं कुणी तरी तिला मिळावं.”

त्या वाक्यातील ‘तिला’ हा शब्द किती वजनदार होता, हे वेगळे सांगायला नको. पुढच्या अर्ध्या तासात कळले ते असे: रात्री एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, म्हणून चहा आणि सकाळची पोळी एवढेच जेवण होते. मधुमेहाची गोळी मात्र नियमाने घेतली जाते. अशा वेळी रक्तातील साखर उतरूनही धडधड होऊ शकते, आणि निव्वळ एकटेपणाच्या धास्तीनेही होऊ शकते. दोन्ही शक्यतांवर उपाय केले. गोळीची मात्रा व वेळ बदलली, आणि दोन घरे सोडून राहणाऱ्या त्यांच्या जाऊबाईंना बोलावून रात्रीचे जेवण एकत्र करण्याचे सुचवले. धडधड पूर्णपणे गेली असे म्हणता येणार नाही. पण त्या आता दोन महिन्यांतून एकदा येतात.

एकटेपणाला आपण आजवर मनाचा कमकुवतपणा मानत आलो. वैद्यकशास्त्राचे मत आता तसे राहिलेले नाही. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची नोंद होती. ज्यांचे नातेसंबंध बळकट होते त्यांची, त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. अशा आढाव्यांवरून कारण आणि परिणाम यांची गाठ निश्चित बांधता येत नाही. आजारी माणूस आपोआप एकाकी पडतो, हेही खरेच. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सामाजिक संबंधांविषयी स्वतंत्र आयोग नेमला, इतपत हा प्रश्न गंभीर मानला गेला आहे. माझ्यासारख्या गल्लीतील डॉक्टरला त्याची कारणे डोळ्यांनी दिसतात. एकटा माणूस नीट जेवत नाही, गोळ्या विसरतो, पायाला झालेली जखम कुणी पाहत नाही म्हणून तोही पाहत नाही, आणि न्हाणीघरात घसरला तर दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत कुणाला कळत नाही.

प्रौढ वयातील प्रेक्षकांनी एखाद्या प्रेमकथेवर असा जीव टाकणे ही केवळ महाराष्ट्राची गोष्ट नाही. दक्षिण कोरियात २००२ साली ‘विंटर सोनाटा’ नावाची मालिका झाली. विरह, हरवलेली स्मृती, बर्फाच्छादित रस्ते असा सगळा साज. जपानच्या एनएचके वाहिनीने ती २००३ साली दाखवली आणि तेथील मध्यमवयीन व वयस्क स्त्रियांना तिने अक्षरशः वेड लावले. नायक बे योंग-जून यास त्या ‘योनसामा’ म्हणू लागल्या; ‘सामा’ हा जपानी भाषेतील अतिशय आदराचा प्रत्यय, आपल्या ‘राव’ किंवा ‘साहेब’पेक्षाही चढा. एप्रिल २००४ मध्ये तो टोकियोच्या विमानतळावर उतरला तेव्हा सुमारे पाच हजार चाहते स्वागताला जमले होते. मालिकेचे चित्रीकरण झालेल्या नामी बेटावर जपानी पर्यटकांची रीघ लागली. या स्त्रियांची थट्टाही झाली. जन्मभर घर आणि माणसे सांभाळलेल्या बाईने पडद्यावरील कोमल बोलण्यासाठी डोळे पुसावेत, हे पाहणाऱ्यांना हास्यास्पद वाटते. मला ते कधीच वाटले नाही.

आता तर कोरियाच आपल्या बैठकीच्या खोलीत आला आहे. टाळेबंदीच्या काळात ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’सारख्या मालिका आपल्याकडच्या मुलींनी पाहिल्या आणि त्यांच्याबरोबर काही आज्यांनीही. माझ्या एका रुग्ण आजी मोठ्या कौतुकाने सांगतात की कोरियन मुले वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात, दारात चपला काढतात आणि मोठ्यांनी घास घेतल्याखेरीज जेवायला सुरुवात करत नाहीत. “आपल्यासारखेच आहेत की ते!” हा त्यांचा निष्कर्ष. त्यांना मी एवढेच सांगते की, तो देशही म्हातारा होतो आहे. २०२४ च्या अखेरीस तेथील लोकसंख्येत पासष्ट व त्यापुढील वयाच्या माणसांचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले, आणि वृद्धांमधील गरिबी व आत्महत्या यांबाबतीत प्रगत देशांत त्याचे स्थान फार वरचे आहे. मोठ्यांना वाकून नमस्कार करणारा समाज मोठ्यांना एकटे पाडत नाही, असे नाही. हेही आपल्यासारखेच.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’ या सोळा भागांच्या कोरियन मालिकेचा उल्लेख नागपूरकराने केलाच पाहिजे, कारण शीर्षकातील फळ हे आपल्या संत्र्याचेच भावंड. जेजू बेटावरील एका जोडप्याची ही कहाणी तारुण्यापासून उतारवयापर्यंत जाते; उत्तरार्धात पतीचे गंभीर आजारपणही येते. तिचे मूळ शीर्षक जेजूच्या बोलीतील आहे आणि त्याचा अर्थ साधारणपणे ‘फार कष्ट घेतलेत तुम्ही’ असा होतो. पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य एकमेकांना एकदाही न म्हटलेली कितीतरी जोडपी माझ्यासमोरच्या दोन खुर्च्यांवर बसून जातात. ती एकमेकांच्या औषधांच्या वेळा बिनचूक सांगतात. कुणी विचारले, “तुमचं काय?” तर दोघेही म्हणतात, “माझं काही नाही, यांचं पाहा.” आपल्याकडे प्रेम बहुधा या वाक्यातूनच बोलते, आणि त्यातच पुष्कळदा आजार दडून राहतो. पक्षाघात झालेल्या पतीची चार वर्षे सेवा करणाऱ्या पत्नीचा स्वतःचा रक्तदाब चार वर्षांत कुणी मोजलेला नसतो. सेवा करणाऱ्या वाचकांनी रुग्णाला दाखवायला आणाल तेव्हा आपलाही केसपेपर काढावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळते: जोडीदार गेलेल्या माणसाचे काय? विधवाविवाहाचा कायदा आपल्याकडे १८५६ साली झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. त्या सुधारकांसमोर होत्या त्या बालविधवा, ज्यांचे सारे आयुष्य पुढे पडलेले होते. साठ वर्षांच्या विधवेचा विचार त्यांनी केला नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. स्वातंत्र्याच्या सुमारासही भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला टेकले आहे, आणि जो साठीला सुखरूप पोहोचला त्याच्यापुढे सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षे असतात. ही वर्षे आम्ही डॉक्टरांनी लसी, प्रतिजैविके आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांच्या बळावर मिळवून दिली. ती कुणासोबत काढायची, याची तजवीज कुणीच केली नाही. मुलांची घरे दूर गेली, वाडे पाडून फ्लॅट झाले, आणि ओट्यावरची बैठक मोडली.

पुरुष पुन्हा लग्न करतो तेव्हा समाज ‘त्याच्या जेवणाची आबाळ होत होती’ असे म्हणून समजून घेतो. बाईने नुसते नाव काढले तरी ‘या वयात ही काय थेरं?’ असे ऐकावे लागते. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केले, तेव्हाही पुष्कळांच्या भुवया उंचावल्या होत्या. मालिकेने या विषयाला थेट देवघराशेजारच्या टीव्हीवर आणून बसवले आणि तेही सुनेच्या तोंडून मांडले, ही तिची खरी करामत.

पुरुषांचे दुःखही काही कमी नसते. ते फक्त अधिक मुके असते. एका सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त गृहस्थांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. मुलाचे म्हणणे, “मॅडम, बाबांच्या डोक्याची तपासणी करा. अंबाझरीला फिरायला जातात आणि तिथल्या एका बाईंसोबत तासन् तास बोलत बसून राहतात.” वृद्धापकाळी स्वभाव अचानक बदलला, तर तपासणी करणे योग्यच असते. मेंदूच्या पुढील भागाच्या ऱ्हासात माणसाचा संकोच सुटतो, तो कुणाशीही अनुचित बोलू-वागू लागतो, पैसे उधळतो, स्वच्छतेचे भान हरवते. येथे त्यातले काहीच नव्हते. तारीख, वार, हिशोब, दहा मिनिटांपूर्वी सांगितलेले तीन शब्द, सगळे त्यांना बिनचूक आठवत होते. पत्नीच्या निधनानंतर उतरलेले सहा किलो वजन गेल्या वर्षभरात भरून आले होते. “मेंदू उत्तम आहे,” असे मी मुलाला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याला आजार हवा होता, कारण आजारावर उपचार असतात. पुढे लग्न वगैरे काही झाले नाही. दोघे आजही तळ्याकाठी चहा घेतात, आणि मुलगा त्या बाईंशी बोलत नाही.

मुलांच्या मनातील भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. तिच्या तळाशी पुष्कळदा घर आणि पैसा असतो, आणि मालिकेने या बाबी फारशा मोकळेपणाने दाखवल्या नाहीत. हिंदू वारसा कायद्यानुसार विधिवत विवाह केलेली पत्नी, मग ती दुसरी का असेना, पतीच्या पश्चात मुलांच्या बरोबरीने वारस ठरते. ज्यांना हे नको असेल किंवा वेगळी वाटणी हवी असेल, त्यांनी लग्नाआधीच वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावे आणि मुलांना तसे सांगूनही टाकावे. निम्मी भांडणे तेथेच थांबतात. दुसरी अडचण कुटुंबनिवृत्तिवेतनाची. केंद्र सरकारच्या नियमांनुसार पुनर्विवाह केल्यास विधवेचे हे वेतन सर्वसाधारणपणे थांबते. अपत्य नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या अटीवर ते चालू राहू शकते. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतही विधवेचे वेतन पुनर्विवाहापर्यंतच असते. निरनिराळ्या खात्यांचे नियम निरनिराळे असल्याने आपल्या कार्यालयात लेखी विचारणा केल्याशिवाय पाऊल उचलू नये. लग्नाशिवाय एकत्र राहिल्यास वेतनाचा प्रश्न टळतो, पण वारसाहक्क आपोआप मिळत नाही. शिवाय माणूस बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल झाला की कागदावर सही करण्यासाठी ‘नातेवाईक कोण?’ असे विचारले जाते, आणि वीस वर्षे सोबत असलेली व्यक्ती बाकावर बसून राहते. म्हणून अशा जोडप्यांनी परस्परांची आणि मुलांची नावे, दूरध्वनी क्रमांक व औषधांची यादी एका कागदावर लिहून दोघांच्याही पाकिटात ठेवावी. ओळख होताच पैसे मागणाऱ्या, विशेषतः मोबाइलवरच भेटलेल्या व्यक्तींपासून दूर राहावे, हे तर सांगायलाच नको.

आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात विचारली जाते. येथे ती स्पष्टच लिहिते. उतारवयात शारीरिक जवळीक असणे हा विकार नाही. हृदयविकार, मधुमेह किंवा रजोनिवृत्ती यांमुळे त्यात अडचणी येतात आणि त्यांतील बऱ्याच दूर करता येतात. मात्र औषधे मित्राच्या सल्ल्याने घेऊ नयेत. छातीतील दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी जे घेतात, त्यांनी सिल्डेनाफिल जातीचे औषध मुळीच घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो. हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारताना लाज बाळगू नये. आम्ही याहून अवघड प्रश्न रोज ऐकतो.

मालिकेतील सासऱ्यांविषयी थोडेसे. २०२० च्या टाळेबंदीनंतर राज्य सरकारने चित्रीकरणास परवानगी दिली, तेव्हा पासष्ट वर्षांपुढील कलाकारांना सेटवर येण्यास मनाई केली होती. हेतू संसर्ग टाळण्याचा होता. पण सत्तरीतील एका कलाकाराने उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. इतर व्यवसायांतील ज्येष्ठांना काम करण्याची मुभा असताना कलाकारांनाच घरी का बसवावे, असा तो प्रश्न होता. रवी पटवर्धन तेव्हा ऐंशी पार केलेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. त्यानंतर आठवडाभर माझ्याकडे येणारे कितीतरी आजोबा आपल्याच चाळीतील कुणी गेल्यासारखे बोलत होते. त्या काळात दारे लावून घेतलेल्या घरांत रोज ठरल्या वेळी येणारा तो एकच पाहुणा होता.

आता सेवा करणाऱ्या घरच्या मंडळींसाठी. ‘दिवसभर टीव्ही पाहतात’ ही तक्रार मी फार ऐकते. एप्रिल ते जून नागपुरात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा वृद्धांनी घरातच बसलेले बरे. ते दुसरे काय करणार? फक्त जाहिराती लागल्या की उठून खोलीत दोन फेऱ्या माराव्यात, पाय लोंबकळत ठेवून बसू नये, आणि ज्यांना इन्सुलिन चालू आहे त्यांनी मालिका संपण्याची वाट पाहत जेवण लांबवू नये. रात्रीची गोळी मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्याशी जोडून दिली तर विसरली जात नाही, असा माझा अनुभव आहे. आवाज मोठा ठेवतात म्हणून रागावण्यापूर्वी कूलर बंद करून पाहावा. कूलर बंद असतानाही आवाज मोठाच लागत असेल, तर कान तपासून घ्यावेत. ऐकू कमी येणे आणि पुढे स्मृतिभ्रंश होणे यांचा संबंध आता चांगलाच प्रस्थापित आहे, आणि श्रवणयंत्र हा त्यावरील सोपा उपाय पुष्कळ घरांत केवळ संकोचापायी लांबणीवर पडतो.

मालिका पाहण्यापेक्षा मला अधिक काळजी वाटते ती मालिका पाहणे अचानक सोडून देण्याची. रोज आवडीने पाहणारी व्यक्ती ‘काही राम नाही त्यात’ म्हणून उठून जाऊ लागली, तर विचारपूस करावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येत असेल, जेवण कमी झाले असेल, तर ते नैराश्य असू शकते. उतारवयात ते उदासीपेक्षा अंगदुखी, अपचन, थकवा अशा तक्रारींतून अधिक प्रकट होते. त्यावर चांगले उपचार आहेत. रात्री-अपरात्री मनात टोकाचे विचार येत असतील तर टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पात्रांची नावे चुकू लागली, कालचा भाग आज नवा वाटू लागला, तर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी.

आणि कधी कधी कारण अगदीच साधे निघते. गेल्या हिवाळ्यात एका आजींना त्यांची सून घेऊन आली. नातीसोबत आवडीने पाहिली जाणारी कोरियन मालिका त्यांनी मध्येच सोडली होती, बोलणेही कमी झाले होते, आणि घरात सर्वांनी स्मृतिभ्रंशाची धास्ती घेतली होती. आजी म्हणाल्या, “काय चाललंय तेच कळत नाही मला. पोरगी खालचं वाचून सांगते, तोवर चित्र पुढे जातं.” दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि कानांत मळ घट्ट बसला होता. कान त्याच दिवशी स्वच्छ केले. एका डोळ्याची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली, दुसऱ्या डोळ्याची होळीनंतर. दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला आल्या तेव्हा नातही सोबत होती; मधले किती भाग राहिले आहेत याची यादी त्यांनी तिच्याकडून कागदावर लिहून घेतलेली होती.